डोंगरवाटेचा जोडा

दिवाळीच्या खरेदीला घरची मंडळी निघाली, की कपड्यांच्या दुकानात दोन तास सहज मोडतात. पोत बोटांनी चाचपला जातो, रंग उजेडात नेऊन पारखला जातो, सोबत आलेल्या आत्याबाईंचे मत घेतले जाते. जोड्यांच्या दुकानातले काम मात्र पाच मिनिटांत उरकते. ‘‘नंबर किती? सात? बांधा!’’ अंगावरचे वस्त्र चारचौघांना दिसते. जोडा खाली असतो, आणि जे खाली त्याची किंमतही खालचीच, असा आपला जुना हिशेब आहे. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपण ज्या ठसक्यात म्हणतो, ती ऐकून त्या बिचाऱ्या वहाणेला काय वाटत असेल कोण जाणे!

गंमत अशी, की ज्या देशात भरताने सिंहासनावर पादुका ठेवून राज्य चालविले, ज्या महाराष्ट्रात आजही आळंदीहून आणि देहूहून पालखीत पादुकाच निघतात आणि लाखो माणसे त्यांच्यामागे पंढरीची वाट चालतात, त्याच महाराष्ट्रात जोडा बेफिकिरीने विकत घेतला जातो. सपाट सडकेवर ही बेफिकिरी खपून जाते. फार तर टाचेला फोड येतो आणि चार दिवसांनी बरा होतो. पण पाठीवर सामान बांधून, दिवसचे दिवस डोंगर चढावयाचा-उतरावयाचा म्हटले, म्हणजे गोष्ट वेगळी होते. तिथे जोड्याच्या मापात अर्ध्या बोटाची चूक झाली, तर ती पायाला आणि प्रसंगी जिवाला भोवते. डोंगरावरच्या जोड्याचा इतिहास वाचताना हे फिरून फिरून ध्यानात येते. त्यात चामडे आहे, खिळे आहेत, रबर आहे, मोठमोठे शोध आहेत. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच साधा प्रश्न आहे : हा जोडा कोणाच्या पायासाठी केलेला आहे?

आरंभ फार मागून करावा लागेल. इ. स. १९९१ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात सुमारे साडेदहा हजार फूट उंचीवर, भटकावयास गेलेल्या एका जर्मन जोडप्याला बर्फातून वर आलेले एक प्रेत दिसले. प्रथम वाटले, एखादा अलीकडचा गिर्यारोहक असावा. तपासाअंती कळले, की हा गृहस्थ सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वी तिथे मरून पडला आहे! ‘ओत्झी’ या नावाने तो पुढे जगभर प्रसिद्ध झाला. त्याच्या कुऱ्हाडीवर आणि बाणांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले. आपण त्याच्या पायांकडे पाहू. त्याच्या जोड्याचा तळ अस्वलाच्या कातड्याचा होता, वरचा भाग हरणाच्या कातड्याचा, आत झाडाच्या सालीच्या दोरीने विणलेले जाळे, आणि ठासून भरलेले वाळके गवत.

चेक देशात झ्लिन नावाचे गाव आहे. ज्या ‘बाटा’चे नाव आपल्याकडे गावोगावच्या पाट्यांवर दिसते, त्या बाटाचे हे मूळ गाव. तिथल्या विद्यापीठातील पादत्राणशास्त्राचे अभ्यासक पेत्र ह्लावाचेक यांनी ओत्झीच्या जोड्याची बरहुकूम नक्कल तयार करविली आणि ती घालून माणसे डोंगरात चालविली. जोडे उबदार ठरले, सोयीचे ठरले. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. त्या गवताचा गुण पाहा : ते ज्या पायाभोवती भरावे त्या पायाचा आकार घेते. अंगठ्याशी उंचवटा असला तर तिथे दबते, तळव्याशी खळगा असला तर तिथे फुगून बसते. पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, पण जोडा एका माणसाच्या पायासाठी असतो हे त्याला पक्के ठाऊक होते.

पुढे माणूस शहाणा झाला आणि हे विसरला! युरोपात आणि अमेरिकेत कित्येक पिढ्या जोडे असे होत, की डावा कोणता आणि उजवा कोणता हे ओळखू येऊ नये. चांभार ज्या लाकडी साच्यावर जोडा चढवितो त्याला कलबूत म्हणतात. दोन्ही पायांना एकच सरळ कलबूत वापरले, की मेहनत निम्मी होते. भोगायचे काय ते गिऱ्हाइकाच्या पायांनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रकार चालू होता. नंतर शिवणयंत्रे आली, कारखाने निघाले, आणि डाव्या-उजव्याचा भेद सर्वत्र रूढ झाला. तरीही कारखान्याचे कलबूत हे डोळ्यांना सुबक दिसेल असे, पुढे निमुळते होत गेलेले असे. माणसाचा पाय पुढे निमुळता नसतो. तो चवड्याशी सर्वांत रुंद असतो. आपल्या घरातल्या रांगत्या बाळाचे पाऊल पाहावे, म्हणजे खात्री पटेल.

या चुकीचा हिशेब प्रथम नीट मांडला तो सैन्याने. सैनिक हा नाइलाजाने पाठीवर सामान घेऊन डोंगर-दऱ्या तुडविणारा प्रवासीच. अमेरिकेच्या सैन्यात एडवर्ड मन्सन नावाचे एक शल्यवैद्य होते. त्यांच्या मंडळाने सुमारे दोन हजार सैनिकांच्या पायांची तपासणी केली आणि १९१२ साली मन्सन यांनी सैनिकाचा पाय व त्याचा जोडा या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांची खुबी ही, की पाय नुसता खुर्चीवर बसवून मोजला नाही; सैनिकाला उभे केले, त्याच्या पाठीवर ओझे चढविले आणि मग मापे घेतली. ओझ्याखाली पाय पसरतो. तो लांबही होतो आणि रुंदही होतो. म्हणजे दुकानात बसून, रिकाम्या पाठीने, ज्या जोड्यात पाय ‘छान बसला’ असे आपण म्हणतो, तोच जोडा पंधरा किलोच्या बोचक्याखाली दुपारपर्यंत शत्रू होतो. मन्सन यांच्या मापांवरून बेतलेले कलबूत आतल्या बाजूने सरळ आणि चवड्याशी ऐसपैस होते. ते अमेरिकी सैन्याने स्वीकारले, आणि त्याच्या नावाने बूट आजही तयार होतात.

हे झाले मापाचे. आता तळाकडे वळू. बर्फावर आणि ओल्या गवतावर चामड्याचा तळ घसरतो. म्हणून आल्प्समधले वाटाडे आणि त्यांच्यामागून जाणारे हौशी प्रवासी बुटांना लोखंडी खिळे ठोकून घेत. कडेला चपट्या डोक्याचे, मध्ये गोल डोक्याचे. फेलिक्स जेनेकांद नावाच्या जिनिव्हाच्या एका जवाहिऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी दातेरी कठीण पोलादाचे खिळे काढले. गिर्यारोहक मंडळींत ते त्याच्या टोपणनावाने, ‘ट्रिकूनी’ म्हणून ओळखले जात. हिरे-माणके जडविणारा हात बुटाच्या तळाला पोलाद जडवू लागला! खिळे पकड चांगली देत; पण लोखंड थंडी वाहून नेते. बर्फातली थंडी खिळ्याच्या दांड्यातून थेट तळव्याशी पोचे. शिवाय वजन.

असेच खिळ्यांचे बूट घालून ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन एव्हरेस्टच्या माथ्याकडे निघाले आणि ढगांत दिसेनासे झाले. मॅलरी हा आमच्या व्यवसायातला; इंग्लंडातल्या चार्टरहाउस शाळेत तो अनेक वर्षे शिक्षक होता. १ मे १९९९ रोजी सुमारे सव्वीस हजार सातशे फुटांवर त्याचा देह सापडला. उजवा पाय बुटाच्या वर मोडलेला, आणि पायात तोच खिळे ठोकलेला चामडी बूट. आयर्विन त्या वेळी अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच्या देहाचा मागमूस शंभर वर्षे लागला नाही. २०२४ च्या सप्टेंबरात एव्हरेस्टच्या उत्तरेकडील हिमनदीवर एक बूट मिळाला. त्यात पाऊल होते, पावलावर मोजा होता, आणि मोज्यावर शिवलेल्या पट्टीवर नाव होते : ए. सी. आयर्विन. आपल्याकडे वसतिगृहात जाणाऱ्या मुलाच्या कपड्यांवर आई नाव घालून देते, अगदी तसे. शंभर वर्षांच्या बर्फाने सारे नेले. ओळख पटवावयास उरला तो बुटातला मोजा.

खिळ्यांचा काळ संपविणारा माणूस मिलान शहरातला. त्याचे नाव व्हितॅले ब्रामानी. त्या काळी कडा चढताना जड खिळ्यांचे बूट पायथ्याशी ठेवीत आणि हलके, मऊ तळाचे जोडे घालीत. खडकावर ते उत्तम. पण वर अचानक बर्फाचे वादळ गाठले, तर त्या जोड्यांत पायाला ना ऊब, ना पकड. १९३५ साली इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील पुंता रासिका या शिखरावर नेमके हेच घडले. ब्रामानी ज्या मंडळीबरोबर गेला होता त्यांपैकी सहा जण वादळात थंडीने आणि थकव्याने मेले. ब्रामानी परतला, पण सहा सोबत्यांचे मरण त्याच्या मनातून जाईना. खडकावर चालेल आणि बर्फावरही चालेल असा एकच तळ का असू नये? पिरेली या टायर करणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने त्याने रबराचा, खोल खाचांचा तळ तयार केला. मोटारीच्या चाकाला जे साधते ते बुटाला साधावे, हा साधा विचार. १९३७ साली तो तळ बाजारात आला. खाचांच्या आकारावरून त्याला इटालियन भाषेत ‘रणगाडा’ असे नाव पडले, आणि ब्रामानीच्या नावाची आद्याक्षरे जुळवून कंपनीचे नाव झाले ‘व्हिब्राम’. आज डोंगरात जाणाऱ्या कोणत्याही बुटाचा तळ उलटून पाहावा. त्यावर ते नाव नसले तरी त्या खाचांची वंशावळ ब्रामानीपर्यंतच पोचते.

तळ सुधारला, पण थंडी उरलीच. ३ जून १९५० रोजी मॉरिस हेर्झॉग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच वीर अन्नपूर्णेच्या माथ्यावर उभे राहिले. आठ हजार मीटरांवरचे शिखर माणसाने प्रथमच जिंकले होते. लाशनालला वाटेतच पाय बधिर झाल्याची जाणीव होत होती. किंमत पुढे चुकती झाली. दोघांच्याही पायांची बोटे हिमदंशाने गेली. हेर्झॉगच्या हातांचीही बहुतेक गेली.

म्हणून १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी इंग्रजांनी बुटांचे काम एका संशोधनसंस्थेकडे सोपविले. केटरिंग गावच्या या संस्थेने करडाच्या मऊ कातड्याचे, आत ‘कापोक’ भरलेले बूट तयार केले. कापोक म्हणजे आपल्या ओळखीच्या सावरीच्या कापसाचा सख्खा भाऊ. ज्या कापसावर आपण घरी डोके टेकतो, त्याच्या भावावर पाय ठेवून माणूस एव्हरेस्टला निघाला! तरीही २९ मेच्या पहाटे एडमंड हिलरी जागा झाला तेव्हा रात्री काढून ठेवलेले त्याचे बूट लाकडासारखे गोठले होते. ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात दोन तास गेले. तेनसिंगने मात्र आपले बूट रात्रभर पायांतून काढलेच नव्हते. ते त्याला आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेतून मिळालेले बूट, पायांच्या जुन्या परिचयाचे. आणि आतले मोजे पत्नी आंग ल्हामू हिने विणलेले. साडेसहाला दोघे निघाले आणि साडेअकराला पृथ्वीच्या माथ्यावर पोचले.

आता १९५४ सालाकडे येऊ. या इतिहासातले हे सर्वांत उजळ पान, आणि सर्वांत काळेही. ३१ जुलै रोजी लाचेदेल्ली आणि कोंपान्योनी या इटालियन जोडीने के-२ हे जगातले दुसऱ्या क्रमांकाचे शिखर गाठले. त्यांच्या बुटांना ब्रामानीचा तळ होता, आणि त्या विजयाबरोबर त्या तळाची कीर्ती जगभर झाली. पण आदल्या दिवशी या दोघांसाठी प्राणवायूच्या नळ्या सुमारे आठ हजार शंभर मीटरांपर्यंत कोणी वाहून नेल्या? व्हाल्तेर बोनात्ती या तरुण इटालियनाने आणि हुंझा खोऱ्यातल्या अमीर महदी या हमालाने. हा महदी साधा नव्हता. आदल्याच वर्षी नंगा पर्वताच्या मोहिमेत हेर्मान बूल माथ्यावरून अर्धमेला उतरला, तेव्हा त्याला खाली आणण्यात महदीचा हात होता. के-२ वर ठरलेल्या जागी तंबू नव्हता. अंधार पडला, उतरता येईना, आणि त्या दोघांनी ती रात्र तंबूवाचून, उघड्या बर्फात काढली. बोनात्ती धडधाकट वाचला. महदीच्या पायांची सगळी बोटे गेली. त्याच्या पायात मोहिमेतले उंचीवरचे बूट नव्हते; साधे लष्करी बूट होते, आणि तेही त्याच्या मापाहून दोन नंबर लहान, असे त्याच्या हकिकतीत नोंदलेले आहे.

दोन नंबर लहान! त्या बुटाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. घट्ट बूट नुसता टोचत नाही. तो पायातले रक्त अडवितो. रक्त हीच पायाची शेगडी. ती विझली, की बाहेर कितीही जाड चामडे असो, बोटे काळी पडतात. जगातला उत्तमातला उत्तम तळ त्या डोंगरावर त्या दिवशी हजर होता. विज्ञान हजर होते, पैसा हजर होता. नव्हते ते एका हमालाच्या पायाचे माप. महदी घरी परतला, पण पुन्हा मोहिमेवर गेला नाही. १९९९ साली तो वारला. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ असे आपण म्हणतो. इथे नुसते त्याच्या बुटात पाय घालून पाहिले असते तरी कळले असते.

पुढच्याच वर्षी, १९५५ साली, दूर अमेरिकेत एका आजीबाईंनी सगळ्या शास्त्रालाच चकित केले. एमा गेटवुड त्यांचे नाव. वय सदुसष्ट, पदरी अकरा मुले, नातवंडांचा गोतावळा. अ‍ॅपलाचियन पर्वतरांगांतून जॉर्जियापासून मेनपर्यंत एक पायवाट जाते; त्या वेळी ती दोन हजार पन्नास मैलांची होती. या बाई ती एकट्याने, एका दमात, ३ मे ते २५ सप्टेंबर या अवधीत चालून गेल्या. एका मोसमात ती वाट एकटीने पुरी करणारी ही पहिली स्त्री. खांद्यावर घरी शिवलेली कापडी पिशवी, त्यात एक कांबळे आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. पायात काय, तर ‘केड्स’ या नावाचे कॅनव्हासचे साधे रबरी जोडे! एक जोड झिजला, की दुसरा घ्यायचा. पुढे त्यांनी हा पराक्रम पुन्हा केला. बाईंचे ओझे वीस पौंडांच्या आत होते आणि हयात शेतात राबण्यात गेलेली. म्हणून त्यांना ते साधले. सर्वांनीच केड्स घालून हिमालयात जावे असा याचा अर्थ नव्हे. पण जड म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे चांगला, या समजुतीला आजीबाईंनी चांगलाच धक्का दिला.

पुढच्या चाचण्यांनीही त्यांचीच बाजू घेतली. पायातले वजन पाठीवरल्या वजनाच्या चार ते सहा पट दमविते असे दिसून आले. कारण उघड आहे : पाठीवरचे ओझे एकदा उचलले की उचलले, पायातले दर पावलाला नव्याने उचलावे लागते. १९६९ साली बॉब गोर याने टेफ्लॉनच्या जातीचे द्रव्य झटक्यासरशी ताणून एक पातळ पापुद्रा मिळविला. त्यातून घामाची वाफ बाहेर जाते, पण पाण्याचा थेंब आत येत नाही. १९८० च्या सुमारास कापडी अंगाचे, असल्या पापुद्र्याचे हलके बूट निघाले आणि पायांवरचे दोन-दोन पौंड उतरले.

आपल्या सह्याद्रीला हिमदंशाचे भय नाही. इथले वैरी वेगळे : उन्हाळ्यात घसाऱ्याचा मुरूम, पावसाळ्यात कातळावरचे शेवाळ, आणि उतरणीला बुटाच्या टोकावर आपटून काळे पडणारे अंगठ्याचे नख. आमच्या गडकोटांवर भटकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे वैरी परतविले ते हिरव्या कॅनव्हासच्या, रबरी तळाच्या, सैनिकी धर्तीच्या ‘हंटर’ बुटांनी. ते स्वस्त, हलके आणि भिजले तरी लवकर वाळणारे. पाण्याला अडविणारे महागडे बूट आपल्या आषाढ-श्रावणात फार कामाचे नाहीत. ओढा घोट्याच्या वरून आत शिरला, की तेच पाणी ते बाहेरही जाऊ देत नाहीत.

तेव्हा घरातले कोणी डोंगरात निघणार असेल, तर या सगळ्या इतिहासाचे सार चार वाक्यांत सांगता येईल. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभराने पाय फुगलेला असतो. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. डोंगरात घालावयाचे जाड मोजे घालूनच पाहावा, आणि जमल्यास पाठीवर भरलेली पिशवी घेऊन दुकानात दहा मिनिटे चालावे, पायऱ्या उतराव्यात. टाच आत हलता कामा नये, चवड्याला जागा हवी, आणि उतरणीला बोटे पुढे टेकता कामा नयेत. बुटाचा तळ मध्यातून सहज दुमडत असेल तर तो ओझ्यासाठी नव्हे. तो फक्त चवड्याशी वाकावा. आणि नवा बूट घेऊन थेट गडावर जाऊ नये. त्याची आणि पायाची ओळख आधी गावातल्या वाटांवर होऊ द्यावी.

आणखी एक गोष्ट उरते. गडाच्या पायथ्याच्या वाडीत आपण वाटाड्या घेतो. तो आपले सामान उचलतो आणि पुढे चालू लागतो. आपल्या पायात शास्त्रशुद्ध बूट असतात. त्याच्या पायात, पुष्कळदा, वादी तुटून तारेने बांधलेली प्लॅस्टिकची चप्पल असते. ‘त्यांना सवय असते’ असे म्हणून आपण पुढे जातो. महदीविषयीही बहुधा कोणी तरी असेच म्हटले असेल. सवय कातडीला असते, बोटांना नसते. पुढच्या खेपेला त्या वाडीत जाताना त्याचा नंबर आधी विचारून घ्यावा आणि त्याच्या मापाचा एक जोड बरोबर न्यावा. अंदाजाने मात्र नेऊ नये.